भोंग्याचे कान

एल्वियो झेन्नारोला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं अख्ख्या व्हेनिसमध्ये दोनच. एक बायको नोर्मा आणि दुसरा पोस्टमन. बाकी सगळ्यांचा तो भोंगा. टोपणनाव नसलेल्या गोंडोलावाल्याला धक्क्यावर कोणी हिंग लावून विचारत नाही, आणि ह्याचं नाव ठेवताना कोणाला डोकं खाजवावं लागलं नाही. अठराव्या वर्षी वल्हं हातात घेऊन त्याने वळणावर पहिल्यांदा "ओऽऽए" केलं, तेव्हा तीन कालवे पलीकडच्या कुणा बाईच्या हातातली बशी पडली म्हणतात. बशीचं खरंखोटं देव जाणे, आवाज मात्र तसाच होता.

आता हे "ओए" म्हणजे काही हौस नव्हे. घरांच्या मधले आमचे कालवे बोळाएवढे, वळणापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून वळण्याआधी हाक द्यायची आणि थांबायचं. पलीकडून उत्तर आलं तर कोणीतरी येतंय, आपण भिंतीला चिकटून राहायचं. नाही आलं तर खुशाल वळायचं. ह्या धंद्यात हात नंतर, डोळे नंतर, आधी कान.

आणि चौसष्टाव्या वर्षी नेमके भोंग्याचे कानच गेले.

एका दिवसात गेले असते तर निदान बोंब तरी मारता आली असती. ते गेले चोरपावलांनी. आधी लांबच्या चर्चची घंटा गेली, मग नातीचं फोनवरचं बोलणं गेलं, मग एके दिवशी पाठीमागून आलेली हाकच गेली. एल्वियोने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की डॉक्टर, डॉक्टरनंतर कागद, आणि कागदानंतर वल्हं भिंतीला टेकवायचं. बापाचं आयुष्य त्या वल्ह्यावर गेलं, ह्याची सेहेचाळीस वर्षं गेली. जमिनीवर नुसतं उभं राहून माणूस दिवसभर करतो काय, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

मग त्याने अक्कल लढवली. धक्क्यावर जाहीर केलं, "माझे गुडघे बोलायला लागलेत. बोळातल्या फेऱ्या तुम्ही तरणेताठे करा. मी आपला मोठ्या कालव्याची फेरी करीन." मोठा कालवा म्हणजे शहराचा हमरस्ता. फेरीबोटी, टॅक्सीबोटी, मालाच्या होड्या, जे यायचं ते समोरून दिसतं. तिथे डोळे पुरतात.

राहिले प्रवासी. ते पुढे तोंड करून बसणार, हा त्यांच्या मागे उभा. म्हणजे त्यांचे ओठही दिसायचे नाहीत, दिसणार ती फक्त टाळकी. त्यांनी काही विचारलं तर? एल्वियोने त्यावरही तोड काढली. विचारायला जागाच ठेवायची नाही. इतक्या वर्षांत लोकांनी विचारलेले प्रश्न सगळे मिळून सातच: पाणी किती खोल, महाल बुडतायत का, आत कोण राहतं, तुम्ही गाता का, असलेच. सातांची उत्तरं तो आधीच देऊन टाकायचा, आणि मधल्या फटींत सरदार, त्यांच्या भांडकुदळ बायका, कर्ज काढून बांधलेले सज्जे असं काय काय भरायचा. धक्क्यापासून पुलापर्यंत आणि पुलापासून परत, तोंडाचा पट्टा बंद म्हणून नाही. लोक भारावून जायचे. लांबलांबचे लोक येऊन त्याचं नाव घेऊन विचारायचे. एकदा एका बाईने मागे हात करून ओरडून सांगितलं की नवऱ्याची टोपी पाण्यात पडली. ह्याने मान डोलावून सांगितलं, "सोळाव्या शतकातली, बाई, आणि अजून तशीच्या तशी आहे." टोपी गेली समुद्राला.

एक वळण मात्र चुकवता येत नव्हतं. धक्क्यावरून मोठ्या कालव्यात जायला एकच अरुंद वाट, आणि तिच्या टोकाला काटकोन. त्या काटकोनावर दुसऱ्या मजल्यावर आर्जियाबाईचं घर. पूर्वी हातमोजे शिवायची, आता ऐंशीला टेकलेली, विधवा. खिडकीत उशी ठेवून त्यावर कोपरं टेकून दिवसभर बाहेर बघत बसायची. एल्वियोच्या लक्षात आलं, की वळणापलीकडून होडी येत असली की बाई तिकडे मान वळवून बघते, आणि वाट मोकळी असली की ह्याच्याकडे बघून मान हलवते, जशी काही नमस्कारच करते. झालं. त्याला हुकमी आरसा मिळाला. तो सवयीप्रमाणे हाक द्यायचा आणि वर बघायचा. बाईची मान हलली की वळायचा. दोन वर्षं असं चाललं. म्हातारीला पत्ताही नाही आणि आपलं काम होतंय, ह्या हुशारीवर तो मनातल्या मनात खूश असायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं ते काय उगाच म्हणतात?

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्याच्या होडीत एक तरुण जोडपं बसलं. बाईच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची मुलगी, डोक्यावर लोकरीचं टोपरं, पाण्यावरची चमक बघून हात उडवणारी. एल्वियो वळणाशी आला, "ओऽऽए" दिला, वर बघितलं.

खिडकी बंद.

त्याने पुन्हा हाक दिली. पाण्याकडे बघितलं; सकाळच्या बोटींनी ते आधीच ढवळलेलं, त्यावरून काही कळेना. कदाचित उत्तर आलं असेल, कदाचित नसेल. असल्या वेळी पूर्वी बेधडक वळलाही असता. पण ते टोपरं समोर दिसत होतं. त्याने भिंतीला पाय रोवला, होडी होती तिथे रोखली आणि उभा राहिला. तरुणाने वळून काहीतरी विचारलं. परक्या भाषेतले ओठ, एल्वियोला त्यातलं काय कळणार? तो नुसता हसला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांनी लादलेली मोटारहोडी धडधडत आली आणि गोंडोलाच्या लोखंडी नाकापासून वीतभर अंतराने निघून गेली. चालवणारा तोंड फाडून ओरडत होता. आपल्या बोलीतले ओठ एल्वियोला बरोबर वाचता येत. तो म्हणत होता, "कान विकून खाल्लेस का रे, भोंग्या?"

होडी उलटी वल्हवत एल्वियो धक्क्यावर परत आला, मुलीला स्वतः उचलून पायरीवर आईच्या हातात दिलं, आणि धक्क्याचा मुख्य इगिनो होता त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. इगिनो चाळिशीचा, एल्वियोच्याच हाताखाली वल्हं शिकलेला.

"ह्यांना तू घेऊन जा," एल्वियो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

दोन वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही आपल्या त्याच भसाड्या आवाजात, त्यामुळे पुलावरच्या लोकांनीसुद्धा ऐकलं.

इगिनोचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खिडकी बंद होती?"

"तुला काय माहीत खिडकीचं?"

"आर्जियाबाई दात काढायला गेलीये. काल सांगून गेली होती, की उद्या वळणावर माझ्याऐवजी कोणीतरी उभं राहा. आज उभं राहायची पाळी माझी होती." इगिनोने हातातला कप बाजूला ठेवला. "मी कॉफी पीत बसलो, भोंग्या. मला जोड्याने मार."

एल्वियोला आधी वाटलं, आपण ओठ चुकीचे वाचतोय. मग एकेकाकडे बघितलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. पांढऱ्या मिशीच्या माणसापासून काल आलेल्या पोरीपर्यंत, धक्काभर अळीमिळी गुपचिळी.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"तू एकटा सोडून," इगिनो म्हणाला. "म्हणजे, आम्हाला माहीत आहे हे तुला एकट्याला माहीत नव्हतं. ती म्हातारी काय हवा खायला बसते का तिथे? हिवाळ्यात पाठीला गरम पाण्याची पिशवी बांधून बसली होती. नोर्माने सांगून ठेवलं होतं तिला."

एल्वियो घरी आला तो धुमसतच. नोर्मा चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. तिने तोंड ह्याच्याकडे केलं, दिव्याच्या उजेडात, जशी हल्ली नेहमीच करायची. आणि ती असं का करते हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं.

"मला वेडा बनवलंत सगळ्यांनी."

"तू बहिरा नसल्याचं सोंग करत होतास, आम्ही तुझं सोंग न दिसल्याचं सोंग करत होतो. कोणाचं जास्त अवघड होतं सांग," ती म्हणाली. "बस. गरम आहे तोवर खा."

त्याने कानातलं यंत्रही लावून पाहिलं. घरात बरं चाले. पण पाण्यावर गेला की वारा, लाटा, इंजिनं ह्यांचा नुसता घोंगाट, आणि हाक कुठल्या बाजूने आली ह्याचा काही पत्ताच नाही. आठवडाभर बघून त्याने ते डबीत ठेवलं. त्या टोपऱ्याचं स्वप्न त्याला दोनदा पडलं होतं. मग तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे गेला, कागदावर सही केली आणि इगिनोला सांगितलं, की महिनाअखेर शेवटची फेरी.

शेवटच्या फेरीला आपलं माणूस बसवायचं अशी धक्क्याची रीत. नोर्मा चाळीस वर्षांत एकदाही गोंडोलात बसली नव्हती. आमच्यातलं कोणीच बसत नाही म्हणा. गोंडोलावाल्याच्या बायकोने त्यात बसून फिरायचं म्हणजे स्वयंपाकिणीने स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून जेवायला बसायचं. ह्या खेपेला मात्र ती निळा कोट घालून, पर्स काखेत धरून आली. वळणावर इगिनो स्वतः जाऊन उभा राहिला होता, कॉफी न पिता.

मोठ्या कालव्यात शिरल्यावर नोर्मा मऊ गादीवरून उठली.

"अगं, पडशील."

ती पडली नाही. तिने बाजूचं लाकडी स्टूल ओढलं आणि त्यावर त्याच्याकडे तोंड करून बसली, होडीच्या नाकाकडे पाठ. ऊन होतं. पाण्याच्या दोन्ही अंगांनी महाल ओळीने उभे होते. ते बघायला माणसं अर्धी पृथ्वी ओलांडून येतात, आणि ही बसली होती नवऱ्याचं तोंड बघत.

शेजारून जाणाऱ्या होडीतला एकजण ओरडला, "नोर्मा, महाल तिकडे आहेत."

"माहीत आहे. मासे आणायला रोज ह्याच रस्त्याने जाते मी. पळून जात नाहीत ते."

एल्वियोचं तोंड सवयीने सुरू झालं. "तर उजव्या हाताला जो लाल..."

"गप्प बस," नोर्मा म्हणाली, प्रत्येक अक्षर ओठांनी नीट घडवत. "दोन वर्षं तू एकटाच बोललास. आता मी बोलते."

आणि ती बोलली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदललेत. आपल्या मुलीची, मारिलीझाची नोकरी गेली होती, दुसरी लागलीही. शेजारच्या टोस्काचा नवरा वारला हे सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, त्याला माझा नमस्कार सांग. एल्वियो ओशाळा हसला, तीही हसली. मग तिने पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"गेल्याच्या गेल्या वर्षी, कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात, मी मोरीशी मासे साफ करत होते. तुझ्याकडे पाठ होती माझी. तोंड वळवून सांगायचा धीर नव्हता. म्हटलं, एल्वियो, माझ्या छातीत गाठ लागलीये, डॉक्टर म्हणतात तपासायला हवी."

एल्वियोचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं.

"तू म्हणालास, बरं झालं. कांदा जास्त घाल."

होडी आपोआप थोडी तिरकी झाली.

"तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. ते तुझ्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी तुझ्यामागे फरशीवर पातेलं आपटलं, रागाने. तू वळलाच नाहीस. तेव्हा कळलं मला. इतकी रडले, आणि इतकं हायसं वाटलं. म्हटलं, नवरा दगड नाहीये माझा, नुसता बहिरा झालाय."

"आणि गाठ?" त्याने विचारलं.

"काही नव्हतं. साधी निघाली. पण ते कळेपर्यंत एकवीस दिवस गेले."

"दवाखान्यात एकटी गेलीस?"

"आर्जिया आली होती."

एल्वियोने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. अठ्ठेचाळीस वर्षांत प्रवाशासमोर तो कधी खाली बसला नव्हता. आज होडीच्या काठावर बसला. "मला पुन्हा का नाही सांगितलंस? तोंडासमोर येऊन?"

"सांगितलं असतं, तर तू काय बोलून गेलास तेही तुला कळलं असतं."

"मग आज का?"

"आता तू आपल्या तोंडाने कबूल केलंस ना, ऐकू येत नाही म्हणून. आता दोघांना मिळून सोसता येईल."

मागून फेरीबोट येत होती. नोर्माला ती एल्वियोच्या खांद्यावरून दिसली; तिने नुसती भुवई उडवली, आणि तो उठला, दोन वल्ह्यांत होडी कडेला घेतली. बोट गेली, लाटांवर दोघं जरा वरखाली झाली. समोर अजून अर्धा कालवा होता.

"अजून काय काय सांगायचं राहिलंय?" त्याने विचारलं.

"बरंच आहे," नोर्मा म्हणाली. "हळू वल्हव."