ओट्याची उंची

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्यानं राहतं घर अर्धं पाडून उरलेल्या अर्ध्यात संसार केलेला नसावा. नाहीतर म्हण बरीच लांबली असती आणि तिच्यात दोन-चार शिव्याही आल्या असत्या.

आमचं बेंगळुरातलं, जे. पी. नगरचं घर एकमजली, सासऱ्यांनी हौसेनं बांधलेलं. नवऱ्याचं ऑफिस बेळ्ळंदूरला. पण हल्ली आठवड्यातले निम्मे दिवस तो घरूनच काम करतो. म्हणजे जेवणाच्या टेबलाशी बसून साऱ्या जगाशी बोलतो आणि आम्हाला कुकरची शिट्टी होऊ देत नाही. तेव्हा गच्चीवर त्याच्यासाठी एक खोली काढायची आणि त्याच खटाटोपात मागची पत्र्याची पडवी आत घेऊन स्वयंपाकघर वाढवायचं असं ठरलं. मी लगेच हो म्हटलं. एरवी मी कशालाच इतक्या चटकन हो म्हणत नाही, त्यामुळे नवऱ्याला संशयच आला.

मला खोलीशी काही देणंघेणं नव्हतं. मला ओटा हवा होता.

आमच्याकडचा ओटा सासूबाईंच्या मापाचा. सासूबाई निपाणीच्या, अंगानं बुटक्या. घर बांधताना सासऱ्यांनी त्यांना उभं करून माप घेतलं होतं, हे त्या अजूनही सांगतात, आणि सांगताना थोड्या लाजतात. मी पुण्याची आणि ताडमाड. लग्नात सगळ्यांनी माझ्या उंचीचं कौतुक केलं, पण ओट्याचा विचार कुणाच्याही मनात आला नाही. सासरी पहिल्यांदा पोळ्या लाटायला उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आपण भातुकलीत आलोय. तेव्हापासून मी वाकून चिरते, वाकून लाटते, वाकून परतते. संध्याकाळी पाठ अशी धरते की आडवं झाल्याशिवाय सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, वाकणं टाळा. म्हटलं, हे माझ्या ओट्याला सांगा.

सासूबाईंना मी हे एकदा-दोनदा सुचवून पाहिलं होतं. “सवय होतीय गं,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना सवय करावी लागलीच नव्हती, हे बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मेस्त्री आनेकलचा. इथे गवंड्यांच्या मुकादमाला मेस्त्रीच म्हणतात. तो रोज सकाळी मोटारसायकलवरून यायचा, गाडी लावताना एकदा घराकडे बघून मान हलवायचा आणि मग कामाला लागायचा. मागची भिंत पडली, जुना ओटाही फुटला, तेव्हा माझ्या मनात जे झालं त्याला आनंदच म्हणतात. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी तोंडाला ओढणी लावली होती हे बरं झालं.

नंतर एक दिवस मेस्त्रीनं हातात टेप घेऊन आम्हाला उघड्या विटांच्या भिंतीपाशी बोलावलं आणि विचारलं, “अडुगे यारु माडोदु, अम्मा?” स्वयंपाक कोण करतं? जी करते तिला तो भिंतीला लागून उभं करायचा, हात कोपरात दुमडायला लावायचा आणि कोपराच्या वीतभर खाली खूण करायचा. ती ओट्याची उंची.

“नानु,” म्हणजे ‘मी’, असं मी म्हणाले.

“नानु,” सासूबाईही म्हणाल्या. एकाच वेळी.

मेस्त्रीनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. एकीचं कोपर जिथे, तिथे दुसरीचा खांदा. खरं सांगायचं तर आमच्यातलं कुणीच खोटं बोललं नव्हतं. सकाळचा चहा, भाकरी, पिठलं, आमटी त्यांची. बाकीचं सगळं माझं.

नवरा तिथेच होता. त्यानं त्याच्या परीनं चांगुलपणानं तोंड घातलं. “आई, तू आता आराम कर ना. किती वर्षं करणार?”

सासूबाईंनी पदरानं हात पुसले, जे कोरडेच होते, आणि पुढच्या खोलीत निघून गेल्या. दोन वेगवेगळ्या उंचीचे ओटे करता येतील का, असं मी मेस्त्रीला विचारून पाहिलं. सिंक आणि खिडकी जिथे होती तिथे जागा पुरत नव्हती. “नीवे डिसाइड माडी,” तुम्हीच ठरवा, असं म्हणत त्यानं टेप खिशात टाकली.

ठरेपर्यंत स्वयंपाक पोर्चमध्ये. गाडी रस्त्यावर गेली आणि तिच्या जागी सिमेंटच्या ब्लॉकचे दोन ढीग रचून, त्यांवर फळी टाकून आम्ही शेगडी ठेवली. सगळ्यावर धूळ. पिठाच्या डब्याचं झाकण काढण्याआधी ते पुसायचं, पुसलेलं फडकं झटकायचं आणि झटकलेली धूळ परत डब्यावर बसताना बघायची. येणारा-जाणारा फाटकातून डोकावून आज काय केलंय ते बघायचा. समोरच्या अक्का तर सरळ येऊन फोडणीचा वास घेऊन जायच्या. मला वाटलं होतं तितकं ते वाईट नव्हतं. सकाळी ऊन थेट शेगडीपर्यंत यायचं आणि बाहेर उभं राहून आमटी ढवळायला एक प्रकारची मजा यायची.

फक्त ब्लॉकचं भांडण होतं. सकाळी मी बाहेर यायच्या आत सासूबाई वाळू वाहणाऱ्या बाईकडून ब्लॉकचा एक थर काढून घ्यायच्या आणि चहा-भाकरी करायच्या. त्या अंघोळीला गेल्या की मी त्याच बाईकडून तो परत चढवून घ्यायची. ती बिचारी एक शब्द न बोलता करायची. तिला दोघींचंही पटत असावं, नाहीतर दोघीही वेड्या वाटत असाव्यात. असे बरेच दिवस गेले. ना त्या मला काही बोलल्या, ना मी त्यांना. ‘तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना’ म्हणतात ना, त्यातलं पहिलं अर्धं आमच्या पोर्चमध्ये रोज चालायचं.

एकदा त्या अंघोळीहून लवकर आल्या आणि मी चढवलेला थर त्यांनी बघितला.

“इतकी घाई झालीय तुला?” त्या म्हणाल्या.

“घाई? आई, इतकी वर्षं वाकले मी. अजून किती वाकू? माझी पाठ गेली.”

“तुझी पाठ गेली. आणि माझं?”

“तुमचं काय जाणार आहे?”

त्या फळीला धरून उभ्या राहिल्या. निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी बसलो’ असंच बोलतात. उभा जन्म बेंगळुरात काढूनही त्यांचं ते बोलणं तसंच राहिलंय. “आमच्या थोरल्या अक्काच्या घरात नवं स्वयंपाकघर केलं,” त्या म्हणाल्या. “सगळं चकचकीत. कट्टा हा एवढा उंच. घरचे तिला म्हणाले, अक्का, तुम्ही आता बसा. बसली. आता चहा पाहिजे झाला तर कोण रिकामं होतंय बघत बसतीय. मागायला लाजतीय. स्वतःच्या घरात. मी बघून आलो की. कट्टा उंच झाला की मी पण बसलो. मग मला कोण उठवणार?”

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचं म्हणणं खरं होतं, या दोन्ही गोष्टी एकदम होत्या, आणि त्यांतली कुठलीच कमी होत नव्हती. मी थर काढला नाही. त्यांनीही काढायला सांगितला नाही. त्या दिवशी स्वयंपाक मीच केला.

त्याच आठवड्यात मी आणि नवरा ग्रॅनाइट बघायला गेलो. दुकान बंद निघालं, त्यामुळे लवकरच परतलो. नवरा गाडी लावेपर्यंत मी फाटकाशी आले तर पोर्चमध्ये सासूबाई एकट्याच. ब्लॉक माझ्या उंचीला रचलेले. त्यांच्यावर शेगडी, शेगडीवर कढई, आणि कढईचा काठ सासूबाईंच्या हनुवटीशी. त्या पिठलं करत होत्या. पिठल्याला घोटून घोटून हलवावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. कोपर कानापर्यंत वर गेलेलं, दुसऱ्या हातानं चिमटा धरून कढई स्वतःकडे कलती केलेली, आणि आत काही दिसत नसल्यामुळे त्या मान वाकडी करून नुसता आवाज ऐकत होत्या. कपाळावर घाम.

मला बघून त्या चोरी पकडल्यासारख्या दचकल्या.

“हे काय करताय? भाजेल ना!”

“काय नाही गं,” त्या म्हणाल्या. “बघालोय, जमतंय काय.”

मी पुढे होऊन गॅस बंद केला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. भांडायला त्या उभ्या राहिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडण मी जिंकलंच असतं; नवरा, डॉक्टर दोघेही माझ्याच बाजूचे होते. पण ही बाई माझ्या मापाचा सराव करत होती. पिठलं गुठळ्यांचं झालं होतं. आम्ही तिघांनी ते खाल्लं, आणि चांगलं झालंय असं फक्त नवरा म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीनं तगादा लावला. आज माप दिलं नाही तर मी माणसं दुसऱ्या कामावर नेणार, असं तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “हिचं माप घे.” मेस्त्रीला कळावं म्हणून मला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं आणि स्वतः कडेच्या सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसल्या.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, हात कोपरात दुमडले. मेस्त्री पेन्सिल शोधत होता. ज्या क्षणाची मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते तो हाच. सरळ उभं राहायचं, बस्स. इतकं साधं काम होतं.

मी गुडघे वाकवले.

फार नाही. ढगळ पंजाबी ड्रेस होता, कुणाला कळायचं कारण नव्हतं. जेवढं वाकवलं तर त्यांना कढईत दिसेल असं वाटलं, तेवढं. सगळंच देऊन टाकायला मी काही संत नाही. माझीही पाठ होती. मेस्त्रीनं कोपराखाली वीत धरली, भिंतीवर रेघ मारली आणि “सरी”, ठीक, म्हणाला. मग मी हळूच सरळ झाले.

ओटा झाला. काळा ग्रॅनाइट, वर भिंतीला पांढरी फरशी, खिडकीतून मागचं पपईचं झाड दिसतं. नवरा सगळ्यांना सांगत सुटला की ओटा खास हिच्या उंचीचा करून घेतलाय. मी अजून थोडी वाकते. पाठ दुखते, पण पूर्वीसारखी धरत नाही. सासूबाईंना हात जरा उचलावा लागतो आणि भाकरी थापताना खांदे भरून येतात, म्हणून थापायचं काम त्या खाली बसून परातीत करतात. म्हणजे आता ओटा कुणाच्याच मापाचा नाही आणि दोघींनाही मेस्त्रीला नावं ठेवता येतात.

पहिल्या आठवड्यातली एक सकाळ. त्या चहा करत होत्या, मी शेजारी भेंडी चिरत होते. भांड्यात दूध चढत होतं आणि त्या ते चांगलं डोळ्यांनी बघत होत्या.

“अजून वाकतीस काय गं?” त्यांनी भांड्यावरची नजर न काढता विचारलं.

“नाही हो. आता मस्त आहे.”

“खोटं बोलू नकोस. पोत्यावर बसलो होतो मी. तुझे गुडघे माझ्या डोळ्यांसमोरच होते.”

मी चिरलेली भेंडी उगाच बाजूला सारली.

“दिसलं मला,” त्या म्हणाल्या. “वाटलं, मेस्त्रीला सांगावं, परत घे माप म्हणून. तोंडापर्यंत आलं. पण गप बसलो. मला पाहिजे होतं ते.”

मी त्यांच्याकडे बघितलं. इतके दिवस माझ्या मोठेपणाचं मला मनातल्या मनात फार कौतुक वाटत होतं, आणि या बाईनं ते बसल्या जागेवरून सगळं बघून, मोजून, घेऊन ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. आलाही, थोडासा. पण त्याहून जास्त हलकं वाटलं. आता ते एकटीनं सांभाळायला नको होतं.

“मग आता रोजचा चहा तुमचा,” मी म्हणाले. “एकही दिवस सुट्टी मिळायची नाही.”

“सुट्टी मागितली कुणी?” त्या म्हणाल्या, आणि दूध उतू जायच्या आत त्यांनी गॅस बारीक केला.