दोन हात तार

मे महिन्यात उरला औद्योगिक वसाहतीतल्या दुपारीला तापलेले लोखंड, डिझेल आणि धूळ यांचा मिळून एक करडा वास असतो. शंकर नगरच्या घरी येऊन अंघोळ केली तरी तो ओढणीतून जात नाही. त्याच वासात बसून मी एका निर्दोष माणसाविरुद्ध अहवाल लिहिला होता.

मेश्राम आमच्या रोलिंग मिलच्या भट्टीवरचे जुने मिस्त्री, मूळचे गोंदियाचे. धुरकट काच डोळ्यांशी धरून, झरोक्यातून लोखंडाचा रंग पाहून ते आच ठरवत. मी, तापमापकांची इंजिनीयर, थंड खोलीतल्या मीटरवरून. उन्हाळा लागताच मीटर चाळीसेक अंश कमी दाखवू लागले, आणि मेश्राम काही केल्या आच वाढवेनात.

"मॅडम, लोखंड पिवळं होऊन राहिलं. अजून आच देली तर जळन ते. तुमचं मीटरच चुकून राहिलं."

मला रागच आला. मिस्त्री भट्टी थंड ठेवतात, असे मी लिहून दिले आणि सोमवारपासून त्यांना गेटवर राखणीला बसवायचे ठरले. खात्री म्हणून मी सेन्सर बदलला, तरी आकडा जागचा हलेना. तेव्हा मात्र मन खाऊ लागले. शनिवारी हातमोजे चढवून भट्टीपासून मीटरपर्यंतची अख्खी तार चाचपत निघाले. घामाने डोळे चुरचुरत होते, पण सोडायचे नाही असे ठरवूनच आले होते.

मीटरच्या खोलीच्या भिंतीलगत, भट्टीच्या बाजूला, काळ्या टेपची गाठ लागली. आत सेन्सरच्या खास तारेला साधी तांब्याची तार जोडलेली, तिथून भिंतीपलीकडच्या मीटरपर्यंत जेमतेम दोन हात. ती गाठ माझीच होती! दिवाळीला मिल बंद असताना तार कमी पडली, तेव्हा 'सध्यापुरती' म्हणून मीच मारलेली. असा जोड जितका तापतो आणि मीटर जितके गार राहते, तितका आकडा खाली घसरतो. यंदा आमच्या खोलीला एसी बसला, आणि दोन टोकांच्या तापमानातले अंतर वाढले.

मी सलग नवी तार ओढली. आकडा चढत मेश्राम म्हणत होते तिथे येऊन थांबला. अहवाल मागे घेऊन नव्यात 'चूक माझी' असे सहीसकट लिहिले.

सोमवारी मेश्राम भट्टीवरच होते. मी माफी मागितली. त्यांनी आपली धुरकट काच माझ्या हातात दिली आणि झरोक्यापासून बाजूला झाले.

"घ्या मॅडम, तुमीबी पाहा."

मी पाहिले. मीटर आता खरे सांगत होते. पण समोरचा तो पिवळा किती अंशांचा, हे मला सांगता येईना. ते शिकायला म्हणून मी काच धरून तिथेच उभी राहिले.