ज्वालामुखीच्या वाटेची तयारी

माझा मोठा भाऊ अकोल्यात भूगोल शिकवायचा. अमरावतीहून मी त्याच्या जठारपेठेतल्या घरी गेले, की चहाच्या आधी तो कुठला तरी दगड हातात ठेवायचा.

"हा बी लाव्हाच व्हय. थंड्या लाव्ह्यावर जलम गेला माहा. आता एकदा ऊन ऊन पाह्याचा हाय."

निवृत्त झाल्यावर त्याने ते मनावरच घेतलं. न्यूझीलंडमधल्या एका उद्यानात ज्वालामुखींना वळसा घालून जाणारी चार दिवसांची पायवाट आहे. मुक्कामाच्या जागा खूप आधी धरून ठेवाव्या लागतात, खाणं पाठीवर न्यावं लागतं. वहिनीचे गुडघे दुखायचे, म्हणून जोडीला मी. मी एकटी राहते, कुणाला विचारायचं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला. बुटाला मातीचा कण दिसला तरी तिकडे विमानतळावर अडवतात, हे वाचून दादा खो खो हसला होता. "वऱ्हाडची माती चालत नाई म्हने त्यायले!"

दर रविवारी आम्ही पातूरला सरावाला जायचो. सॅकमध्ये तुरीच्या डाळीच्या पिशव्या भरायच्या, लेण्यांच्या मागचा डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. सुरुवातीला तो पुढे असायचा. तिसऱ्या महिन्यात मागे पडायला लागला. एका रविवारी तर दर पन्नास पावलांवर थांबत होता.

मी वैतागले. "दादा, असं चाललास तर तिथं आपल्याला मुक्कामाला पोचायला रात्र होईल."

"तू हो समोर. येतो मी."

मी झाले पुढे. वर जाऊन पाणी प्याले, खडकावर बसले, फोनवर फोटो पाहत राहिले. बराच वेळ तो आला नाही, तेव्हा खाली उतरले. तो एका निंबाला टेकून बसला होता. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे.

हृदय फार अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी जिनाही चढू नका म्हणून सांगितलं.

दवाखान्यातून घरी आल्यावरही तो त्या वाटेबद्दलच बोलायचा. दुसऱ्या दिवशीचा चढ कठीण आहे, सकाळी लवकर निघायला हवं, तिथलं तळं हिरवं का दिसतं. मला ते ऐकवेना. शब्दागणिक तो खडक आठवायचा, ज्याच्यावर मी आरामात बसले होते. शेवटी एका रविवारी मी म्हणाले, "दादा, आता ते सोड ना. जे होणार नाही त्याचं कशाला बोलायचं?"

तो म्हणाला, "बरं."

त्यानंतर माझ्यासमोर त्याने तो विषय काढला नाही. पावसाचं बोलायचा, मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिथल्या कपाटांची चौकशी करायचा. मला वाटलं, सुटला त्यातून. दोन महिन्यांनी तो गेला.

तेरावं झाल्यावर वहिनी आणि मी त्याची खोली आवरत होतो. गादी उचलली तर खाली नकाशा, घडी घालून घालून फाटायला आलेला. वहिनी खाली बसली.

"ताई, रोज मले शिकवत होते ते. हे तळं, हा चढ. मले काय समजते त्यातलं? तुमी येनार असल्या की सकाळपासून काढून ठेवत. अन् तुमची रिक्षा वाजली की गादीखाली."

"काहून?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी.

"म्हने, तिले तरास होते."

धरून ठेवलेल्या दोन्ही जागा मी पुढच्याच आठवड्यात रद्द केल्या. एकटी जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, वहिनीनेही. मी गेले नाही. तो चढ मला चढता आला असता. पण त्याचं ऐकायला हवं होतं तेव्हा मी ऐकलं नाही, आणि ते चालून भरून निघणारं नाही.

आता महिन्यातून एक रविवार मी वहिनीकडे असते. ती दादाबद्दल बोलते, बोलतच राहते. मी मध्ये काही म्हणत नाही.