शून्य नंबरची रांग

आमचे हे नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसतात. सगळे त्यांना ‘खिडकीवाले’च म्हणतात. कोणती खुर्ची करकरते, कुठून रंगमंच अर्धाच दिसतो, सगळं तोंडपाठ. मध्यंतरी मॅनेजरने जाहीर केलं, की बाहेरून तिकिटाचं मशीन आणणार आणि खिडकी बंद करणार. झालं! यांचं डोकंच फिरलं. “प्रोग्राम मी लिहितो. चालला, तर मशीन घ्यायचं नाही,” म्हणाले. फुकटात काम होतंय म्हटल्यावर मॅनेजरने लगेच शब्द दिला.

पन्नाशी उलटल्यावर यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि ताप झाला माझ्या डोक्याला. उठता-बसता अ‍ॅरे! अ‍ॅरे म्हणजे ओळीत मांडलेल्या वस्तू, आणि ओळींचीच ओळ केली की झाला हॉल. आधी रांगेचा आकडा, मग खुर्चीचा. मोजायचं मात्र शून्यापासून. हे समजावताना थोरल्या लेकीला शून्य नंबर दिला आणि धाकटीला एक. थोरली फुगून बसली, तिची समजूत मी काढायची!

मी भाजी चिरत असताना विचारतात, “या कपाटाची लांबी किती?”

“डबे मोजू का?”

“छे! कप्पे मोज. अ‍ॅरेची लांबी विचारली की तो नुसत्या रांगा सांगतो. डबे हवेत, तर कप्प्याला विचारायचं.”

“मग विचारा कप्प्याला! मला कशाला छळताय?”

प्रोग्राम तयार झाला आणि त्यावर तिकिटं विकलेल्या पहिल्या प्रयोगाला मीही गेले. बाहेर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी, माणसं चडफडत परत चाललेली. आत बघते तर पुढची रांग सोडून प्रत्येक रांगेचं उजवं टोक रिकामं! मॅनेजर लालबुंद झालेला. “उद्या असं झालं, तर मशीन आलंच समजा,” म्हणाला. आणि हे आपले ठामपणे सांगताहेत, प्रोग्राम चुकूच शकत नाही.

“एका रांगेत किती खुर्च्या, हे कुठल्या रांगेला विचारलंत?” मी म्हटलं.

“शून्य नंबरच्या. सगळ्यात पुढच्या.”

मी कपाळावर हात मारला. “अहो, ती रांग दारामुळे आखूड आहे! मागच्या लांब आहेत. लग्न झाल्यापासून बघतेय, एकाला विचारायचं आणि सगळ्यांचं ठरवून मोकळं व्हायचं!”

जन्म त्या हॉलमध्ये काढलेला माणूस, आणि नेमकं हेच विसरला! मग खाली मान घालून दुरुस्तीला बसले. आता प्रोग्राम प्रत्येक रांगेला तिचीच लांबी विचारू लागला.

दुसऱ्या दिवशी एकही खुर्ची रिकामी नव्हती. मॅनेजरने यांच्या पाठीवर थाप मारली. “शब्द म्हणजे शब्द. मशीन घेणार नाही. आता तुमचा प्रोग्राम इंटरनेटवर टाकू, लोक घरबसल्या तिकिटं काढतील. खिडकी काढून तिथे चहाचं काउंटर टाकू.”

हे हसत होते. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

वाटेत म्हणाले, “मी मशीनचंच बोललो गं. खिडकीचं बोलायचं राहूनच गेलं.”

असा संताप आला मला, की रस्त्यातच फैलावर घेणार होते. पण चारचौघांत नको, म्हणून दात-ओठ खात घरी आले. दार लावलं, पदर खोचला, आणि यांचा उतरलेला चेहरा बघून भांडायचं सोडून चहा टाकला.