सिली म्हणजे भाग्यवान

माझ्या नवऱ्याने मला मराठीत कधी शिवी दिली नाही. त्याच्या बाजूने हे आधीच सांगून टाकते. माजिवड्याच्या कंपनीत तो इंजिनीअर होता, आणि 'मूर्ख' असं सासूबाईंच्या कानावर पडलं असतं तर त्या त्यालाच बोलल्या असत्या. म्हणून स्टुपिड. भाजीत मीठ कमी, स्टुपिड. गॅसचा नंबर लावायला विसरले, इडियट. पाहुण्यांसमोर जरा मऊ, 'सिली वूमन', आणि वर हसू. इंग्रजीतलं बोलणं शिवीत धरत नाहीत, निदान माझ्या सासरच्या, तेव्हाच्या नौपाड्यात तरी धरत नव्हते.

मी डोंबिवलीची, मराठी शाळेतली. शब्द कळत होते, इतकी काही ढ नव्हते. पण सासूबाईंची पुस्तकं बदलायला लायब्ररीत जायचे, तेव्हा तिथला जाडजूड इंग्रजी कोश उघडायला लागले. राग आला असता तर बरं झालं असतं. तो येईनासा झाला होता, म्हणून कोश. इडियट म्हणजे ग्रीकांकडे गावच्या कारभारात न पडणारा, आपल्यापुरतं बघणारा माणूस. सिली म्हणजे एके काळी सुखी, देवाची कृपा असलेला. आणि स्टुपिड लॅटिनमधून आलेला, मुळात सुन्न झालेला. हे मात्र बरोबर होतं.

दिवाळीनंतर आई चार दिवस राहायला आली. बाबा गेल्यापासून ती एकटीच असायची. जेवताना माझ्या हातून वरण सांडलं आणि तो तिच्यादेखत हसत 'सिली' म्हणाला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता. ओट्याशी येऊन तिने हळूच विचारलं, काय म्हणाले गं जावईबापू? तिला ब्लडप्रेशर. मी कोशातला अर्थ सांगितला.

"भाग्यवान म्हणाले."

आईचा जीव भांड्यात पडला. बाबाही तिला अशीच हाक मारायचे. डोंबिवलीला परत गेल्यावर तिने हे अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं असणार.

दोन वर्षांनी मी बॅग घेऊन तिच्या दारात उभी राहिले. नाही जमत गं, इथेच राहते, कुठेतरी नोकरी बघते, असं एका दमात सांगितलं. रडू काही आलं नाही, तिथेच फसलं बहुतेक. आईने चहा टाकला. मारतो का, विचारलं. नाही. पितो? नाही. मग करतो तरी काय? चारचौघांत सिली म्हणतो, मी म्हटलं, आणि त्याचा अर्थ भाग्यवान नाही, बावळट.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आता तू रागात आहेस. तेव्हा खरं बोलली होतीस."

मी रागात नव्हते. तेच तिला सांगता येईना. दिवेलागणीच्या आत ती मला स्टेशनवर सोडायला आली. बॅग तिनेच उचलली होती.