विहिरीवरची फरशी

नौदलात भरती होईपर्यंत माझी पक्की समजूत होती की पोहायला डबा लागतो. वालूरजवळच्या आमच्या गावात, पाटलांच्या विहिरीत पोरं पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकायची. आम्ही बौद्धवाड्यातली पोरं लांब बांधावर बसून बघायचो. जरा पुढं सरकलं की पाटील ओरडायचे, "व्हा मागं! पाणी बाटवता का रे?"

प्रशिक्षणात तलावाच्या काठावर उभं केलं तेव्हा मी अदबीनं विचारलं, "साहेब, डबा कुठाय?" उत्तर म्हणून पाठीत लाथ बसली. दोनदा बुडालो, तिसऱ्यांदा तरलो. पुढं लढाईत जळत्या जहाजावरून उडी टाकून दोन जखमी सोबती ओढून आणले, त्याचं पदक मिळालं. खोटं कशाला सांगू, उडी मारतानाही आधी डबाच आठवला होता.

गावानं सत्कार ठेवला. देवगाव फाट्यापासून हलगी लावून बैलगाडीतून मिरवलं. अन् तेच पाटील माईकवर म्हणाले, "हे पोरगं आमच्याच विहिरीत पवायला शिकलं!" टाळ्यांचा कडकडाट. मी काय केलं? "आभारी आहे" म्हणून खाली बसलो.

घरी माय म्हणाली, "समुद्राला भ्याला न्हाईस, अन् पाटलाला भ्यालास व्हय रे?"

पाटील गेले, पण ते वाक्य जगलं. शाळेतली पोरं झेंडावंदनाच्या भाषणात माझ्यासमोरच ते ठोकतात. गेल्या महिन्यात पाटलांचा नातू घरी आला, आताचा सरपंच. "आबा, विहिरीवर तुमच्या नावाची फरशी बसवायलोत. मजकूर बघा अन् सही करा."

माझ्या नावाखालचा मजकूर त्यानंच वाचून दाखवला, 'वीर नौसैनिक याच विहिरीत पोहायला शिकले.'

माझं टाळकंच सरकलं. "तुझ्या आजानं मला या पाण्याला हात लावू दिला न्हाई!"

"जाऊ द्या की आबा, जुनं हाय ते. असं लय चांगलं दिसतंय."

"जागा तुमची, पाणी तुमचं. आता माझं पोहणंबी तुमचंच का?"

'याच विहिरीत पोहायला शिकले' हे खोडायला पेन काढलं. चष्मा घरात राहिलेला, त्यामुळं आधी 'वीर'च खोडला गेला. म्हटलं, असू दे, सत्काराला पाटलाला भ्यालो, त्याचा हिशेब लागला. मग ते शब्द खोडून खाली लिहिलं, 'यांना या विहिरीत उतरायची बंदी होती.'

"असं कसं लावायचं, आबा?"

"मग माझं नाव लावू नको."

फरशी अजून बसलेली नाही. मी रोज सकाळी बघून येतो. पण काठावर जायच्या आधी, या वयातही, कोणी 'व्हा मागं' म्हणायला उभं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघतो. याचाच लय राग येतो.