टोकाला प्रेशर न्हाय!

ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतो, तसे आमच्या पाइपलाइनीत किस्से साचलेत. क्षार ॲसिड सोडलं की निघतो. हे कशानंच निघत नाहीत!

सणसरला आमच्या भावकीत एक विहीर, एक मोटर आणि एकच लाइन. मध्ये चुलत सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा ऊस. पार टोकाला माझी वांगी. तात्यांनी उसाचा व्हॉल्व्ह उघडला की माझं ठिबक ठिबकतच नाही. ऐन फुलातली वांगी माना टाकायला लागली, तशी मी तात्यांना गाठलं. म्हटलं, "तात्या, टोकाला प्रेशर लई कमी हाय."

"मग मीठ-साखरेचं पाणी पी की!"

आणि स्वतःच खोकला लागेस्तोवर हसले.

*

आमच्या मालकांनी मनावर घेतलं. अंगणात रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी थेट गोठ्याच्या पत्र्यावर! "बघितलंस? वाट बारीक केली की जोर वाढतोय!"

गेले बारामतीला, बारीक पाइप आणला आणि वांग्यापर्यंतची लाइनच बदलली. मोटर चालू केली. येत होतं तेवढंही पाणी आटलं!

"अहो, अंगठा तोंडाला लावायचा असतोय. तुमी गळाच आवळलाय!"

त्या पाइपावर आता गोधड्या वाळतात.

*

मग व्हेंचुरी आली. पाइपाला मध्येच कंबर आवळल्यासारखा तुकडा. तिथं पाणी सुसाट पळतं, पण दाब उतरतो, म्हणून बादलीतलं खत आपोआप ओढलं जातं.

एकदा उसाचं पाणी बंद होतं, तेव्हा मालकांनी नळी सोडली बादलीत. बादली भराभर खाली. "काय ओढतंय बघ!" म्हणून नाचतात.

ते खुरपणाऱ्या बायांसाठी आणलेलं ताक होतं!

त्या बायांतली शेवंता म्हणाली, "वहिनी, आता वांग्यांना नुसती फोडणी द्या. कढी तयार हाय."

*

माझी कटकट मिटवायला तात्यांनी प्रेशरचा काटा आणला. माझ्या टोकाला बसवला. आपला व्हॉल्व्ह बंद, माझाही बंद. काटा टणकन वर!

"हे बघ, प्रेशर भरपूर हाय."

"आणि पाणी?"

"तू प्रेशरचं बोलत होतीस न्हवं?"

मी माझा व्हॉल्व्ह उघडला. काटा धपकन खाली. तात्या ओरडले, "उघडू नकोस! काटा बिघडतोय!"

*

तात्यांच्या न्हाणीतला शॉवर याच लाइनीवर. तो जोरात यावा म्हणून अंघोळीपुरता ते ऊस बंद ठेवतात. परवा सकाळी त्यांनी साबण लावल्याचा मी अंदाज घेतला आणि टोकाचा व्हॉल्व्ह मोकळा सोडला. नळ्या धुवायचा फ्लशचा पण! मग त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

न्हाणीतून आरोळी आली, "अगं, प्रेशर गेलं!"

"मग मीठ-साखरेचं पाणी प्या की, तात्या!"

"डोळ्यात साबण गेलाय! सकाळची पाण्याची पाळी तुझी! रोज तुझी! आधी बंद कर ते!"

मी व्हॉल्व्ह बंद करायला वळले, तर चुलीपुढनं चुलत सासूबाई हळूच म्हणाल्या, "सूनबाई, घाई करू नकोस. मला पण काय काय मागून घ्यायचंय!"